बोअर क्रमांक १०९

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काच्या सरहद्दीजवळ, हिमनद्यांच्या शेजारात प्राउट नावाचं पठार आहे. जवळचं बंदरगाव स्ट्युअर्ट, तेही सुमारे ८० किलोमीटर दक्षिणेला. हिवाळ्यात इथे पुरुषभर उंचीहून जास्त बर्फ साचतो आणि दगड पाहण्याजोगा उघडा राहतो तो उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. या पठारावरून वाहणाऱ्या एका ओढ्याचं नाव एस्के क्रीक. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या डोंगरी ओहोळाएवढाच. पण त्याच्या काठच्या जमिनीत सोन्याचा आणि चांदीचा जो साठा निघाला, तसा समृद्ध साठा भूविज्ञानाच्या इतिहासात फार क्वचित सापडला आहे. आणि तो सापडायला छप्पन्न वर्षं लागली, तीही माणसं त्याच्या डोक्यावर चालत, खणत, छिद्रं पाडत असताना.

ही छप्पन्न वर्षं मला त्या सोन्याहून महत्त्वाची वाटतात. जागा चुकली नव्हती, मेहनत कमी पडली नव्हती. माणसं लाल दगडाकडे बघत होती आणि सोनं काळ्या दगडात होतं.

लाल दगडाची गोष्ट आधी सांगतो. १९३२ साली टॉम मॅके नावाचा शोधक आपल्या साथीदारांबरोबर इथे आला तो दुरून दिसणारे तांबडे-पिवळे कडे पाहून. खनिज शोधणाऱ्याला असा गंजलेला डोंगर दिसला, की त्याची पावलं आपोआप तिकडे वळतात. लोखंड आणि गंधक यांचं पितळेसारखं चमकणारं संयुग म्हणजे पायराइट. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत माक्षिक म्हणून जी चमकदार खनिजं येतात, त्यांच्याच कुळातलं. खडकात ते पेरलेलं असेल आणि त्याला हवा-पाणी लागलं, तर गंधकाचं आम्ल होऊन वाहून जातं आणि लोखंड गंजून जागीच राहतं. अशा गंजाच्या थराला कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी गॉसन हा शब्द दिला, तो आता जगभर चालतो. गॉसन म्हणजे खाली गंधकयुक्त धातुकं असण्याची खूण. ती धातुकं कोणती, हे मात्र गंज सांगत नाही. तांबं, जस्त, शिसं असू शकतं, सोनं असू शकतं, किंवा नुसतंच पायराइट असू शकतं आणि त्याची किंमत शून्य.

मॅकेने दावे ठोकले. १९३५ ते १९३८ या काळात प्रीमियर गोल्ड मायनिंग कंपनीने ही जमीन कराराने घेऊन काम केलं. त्यांनी चर खणले, छिद्रं घेतली आणि जिथे जिथे खनिजाची चिन्हं दिसली त्या जागांना क्रमांक दिले. तीसच्या आसपास जागा भरल्या. त्यांतली एकविसाव्या क्रमांकाची जागा वाचकाने लक्षात ठेवावी. १९३९ साली डोंगराच्या कुशीत एक आडवा बोगदाही खणून झाला. सोन्याचांदीचे अंश जागोजागी मिळत, एखादा नमुना डोळे विस्फारायला लावणारा निघे, पण हात घालावा तिथे साठा संपे.

मॅकेने जमीन सोडली नाही. पुढे ती स्टिकीन सिल्व्हर या कंपनीच्या नावावर आली आणि दर काही वर्षांनी कुठली तरी मोठी कंपनी ठरावीक मुदतीसाठी शोधाचे हक्क घेत राहिली. या व्यवहाराला ऑप्शन म्हणतात. शेत अर्धेलीने द्यावं तसा हा प्रकार. जमीनमालकाकडे पैसा नसतो, पैसेवाल्याकडे जमीन नसते. प्रत्येक कंपनी आपली कल्पना घेऊन आली. कुणी सोन्याच्या शिरा शोधल्या. १९७० च्या दशकात टेक्सासगल्फसारख्या नामांकित कंपनीने समुद्रतळावर तयार होणाऱ्या गंधकी धातुकांचा विचार केला. तो विचार बरोबर दिशेचा होता, हे आज आपण म्हणू शकतो. तरीही सगळेजण थोडं काम करून निघून गेले. मॅके १९८८ च्या आधीच वारला. त्याच्या जमिनीखाली काय आहे हे त्याला कधीच कळलं नाही, आणि शोधाचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त चटका या गोष्टीचा लागतो.

आता जमिनीखाली काय होतं ते पाहू. त्यासाठी सुमारे साडेसतरा कोटी वर्षं मागे, ज्युरासिक काळात जावं लागतं. त्या वेळी हा भूभाग उत्तर अमेरिकेला जोडलेला नव्हता. प्रशांत महासागरातल्या ज्वालामुखी बेटांची ती एक माळ होती. भूवैज्ञानिक तिला स्टिकीनिया म्हणतात. कालांतराने ती खंडाला येऊन चिकटली. पण त्याआधी तिचं कवच ताणलं गेलं, फाटलं, आणि समुद्राखाली एक लांब खचदरी तयार झाली. कवच ताणलं की ते पातळ होतं, खालची उष्णता वर येते आणि भेगांतून लाव्हा बाहेर पडतो.

पहिल्यांदा आला तो रायोलाइट. सिलिकाने भरलेला, फिकट रंगाचा, दाट लाव्हा. तो वाहत नाही, जिथे निघतो तिथेच घुमटासारखा फुगतो. मग ज्वालामुखी काही काळ शांत झाला आणि त्या शांततेत समुद्रतळावर बारीक काळा चिखल साचत राहिला. शेवटी पुन्हा भेगा उघडल्या आणि बेसॉल्टचा लाव्हा आला. पाण्यात पडून तो उशांच्या ढिगासारखा गोठला. खाली रायोलाइट, मध्ये काळ्या चिखलाचा खडक, वर बेसॉल्ट अशी ही तीन थरांची रचना. मधला थर बारीक मातीचा, पाठ्यपुस्तकातल्या भाषेत पंकाश्म. एस्केवर काम करणारे त्याला कॉन्टॅक्ट मडस्टोन म्हणतात, कारण तो रायोलाइट आणि बेसॉल्ट यांच्या सांध्यावर आहे.

मुंबईकर वाचकाला हे तीनही खडक फार परके नाहीत. मनोरी-गोराईच्या बाजूला रायोलाइट आहे, वरळी-जोगेश्वरीच्या परिसरात लाव्हांच्या मधे साचलेल्या गाळाचे खडक आहेत, आणि पाण्यात गोठलेल्या उशीसारख्या बेसॉल्टचे नमुनेही मुंबई बेटावर नोंदले गेले आहेत. दख्खनचा बहुतेक ज्वालामुखी जमिनीवर ओतला गेला, पण मुंबईजवळ त्याचा स्वभाव थोडा वेगळा होता. खडकांची नावं जुळली म्हणून सोनं निघत नाही. खडक ही भांडी झाली. त्यात काय शिजलं, किती वेळ शिजलं आणि झाकण कधी उघडलं, यावर सगळं ठरतं.

एस्केला शिजलं ते असं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली उतरलं, तापलं आणि खडकांतले धातू विरघळवून घेऊन वर आलं. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ आणि १९७९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रतळाशी असे उष्ण झरे माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. ॲल्विन नावाच्या छोट्या पाणबुडीतून गेलेल्या वैज्ञानिकांना काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या दिसल्या. तो धूर म्हणजे सुमारे ३५० अंश तापमानाच्या पाण्यातून, थंड समुद्राशी गाठ पडताच, बाहेर पडलेले गंधकी धातुकांचे कण. मॅके एस्केला आला तेव्हा असे झरे कुणी पाहिलेच नव्हते. जपानी भूवैज्ञानिकांनी त्यांच्याकडच्या कुरोको, म्हणजे काळ्या धातुकाच्या खाणींवरून समुद्रतळाचा अंदाज बांधला होता, हे खरं. पण चिमणी डोळ्यांसमोर आल्यावर त्या अंदाजाला वजन आलं.

खोल समुद्रातल्या चिमण्यांभोवती तांबं आणि जस्त भरपूर साचतं, सोनं सहसा थोडं. एस्केला उलटं घडलं, आणि त्याचं कारण बहुतेक अभ्यासक समुद्राच्या उथळपणात शोधतात. गोटी सोड्याची बाटली उघडली की काय होतं ते आठवा. दाब आहे तोवर वायू पाण्यात गुमान विरघळलेला असतो, दाब सुटला की फसफसून वर येतो. खोल समुद्रात वरच्या पाण्याचा दाब इतका असतो की शेकडो अंश तापलेलं पाणीही उकळत नाही. पाणी उथळ असेल, तर वर येता येता ते उकळतं. अशा पाण्यात सोनं एकटं नसतं, गंधकाचा हात धरून विरघळलेलं असतं. उकळी आली की हायड्रोजन सल्फाइड वायू निघून जातो, सोन्याचा आधार सुटतो आणि ते तिथेच, त्या क्षणी, खाली बसतं. एस्केच्या खनिजांत अडकलेल्या सूक्ष्म द्रवबिंदूंवरून कळतं की पाण्याचं तापमान साधारण ११० ते २१० अंश होतं आणि ते उकळत होतं. इतक्या कमी तापमानाच्या पाण्यात तांबं फारसं टिकत नाही. टिकतात ते जस्त, शिसं, अँटिमनी, आर्सेनिक, पारा, आणि चांदी-सोनं.

म्हणून एस्केच्या खडकातल्या खनिजांची यादी एखाद्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या बरण्यांसारखी वाचता येते. केशरी-लाल मनशीळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. शेंदरासारखा हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक. शिसपेन्सिलीच्या रंगाच्या सुयांचं अँटिमनीचं खनिज, ज्याची पूड सुरमा म्हणून डोळ्यांत घालत. मनशीळीचं सख्खं भावंड म्हणजे हरताळ, जो पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर फासत. जस्ताचं स्फॅलराइट, शिशाचं गॅलिना, चांदी पोटात घेऊन बसलेलं टेट्राहेड्राइट हेही जोडीला. सोनं मात्र शुद्ध नव्हतं आणि डोळ्यांना दिसेल असंही फारसं नव्हतं. ते चांदीशी मिसळलेलं, सूक्ष्म कणांत होतं.

आणखी एक गोष्ट झाली. चिमण्या आणि धातुकांचे ढिगारे ढासळले, त्यांचे तुकडे उताराने घरंगळले, आणि चिखलाच्या सखल भागात थर धरून बसले. त्यावर आणखी चिखल, मग पुन्हा ढासळलेला माल. सर्वांत मोठा साठा असा नदीच्या गाळासारखा, पापुद्र्यापापुद्र्याने साचलेला आहे. लांबी सुमारे ९०० मीटर, रुंदी ६० ते २०० मीटर, जाडी काही ठिकाणी २० मीटरच्या वर. वर बेसॉल्टने झाकण घातलं. नंतर पर्वत घडताना हे सगळं वाकलं आणि त्याची मोठी घडी झाली.

इथे लाल कड्यांचा उलगडा होतो. कडे रायोलाइटचे होते. सिलिकामुळे टणक झालेला रायोलाइट झिजत नाही, तो कड्यासारखा उभा राहतो आणि त्यातलं पायराइट गंजून लाल होतं. त्याच रायोलाइटच्या भेगांतून गरम पाणी वर गेलं होतं. म्हणजे लाल कडा ही चूल होती. शिजलेला पदार्थ वरच्या काळ्या चिखलात पडला. चिखलाचा खडक मऊ असतो, तो झिजून सखल होतो आणि त्यावर शेवाळ, माती, बर्फ साचतो. तो लाल दिसत नाही, चमकत नाही, सोन्याच्या शिरेसारखा पांढरा क्वार्ट्झही त्यात नाही. शोधकाच्या नजरेला त्यात काही पकडण्यासारखं नव्हतं.

१९८८ साली स्टिकीनची जमीन कॅलपाइन रिसोर्सेस या छोट्या कंपनीने ऑप्शनवर घेतली. तिच्यामागे व्हँकुव्हरच्या शेअरबाजारातला मरी पेझिम होता. सात वर्षांपूर्वी ओंटारिओतल्या हेमलो इथे ७६ व्या छिद्रात सोनं लागलं होतं, त्यामागेही पैसा उभा करणारा हाच माणूस होता. एस्केवरच्या भूवैज्ञानिक कामाची सूत्रं चेट इझिशेककडे होती. प्रीमियरच्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी क्रमांक दिलेल्या एकविसाव्या जागेजवळ त्यांनी छिद्रं घ्यायला सुरुवात केली.

छिद्र म्हणजे आपल्या विहिरीवरची बोअर नव्हे. तिथे दगडाचा चुरा होऊन वर येतो. खनिजशोधात पोकळ नळीच्या तोंडाला हिरकण्या बसवलेली कडी लावतात. ती फिरत खाली जाते आणि नळीच्या पोटात दगडाची अखंड कांडी शिल्लक राहते. ही कांडी म्हणजे कोअर. ती लाकडी खोक्यांत ओळीने मांडतात, भूवैज्ञानिक ती पाण्याने ओली करून इंच न इंच वाचतो, मग करवतीने उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी पुरावा म्हणून खोक्यात राहते. सोनं आहे की नाही हे बहुधा कांडी पाहून कळत नाही. प्रयोगशाळेत तिची पूड शिशाच्या भस्माबरोबर मुशीत वितळवतात. सोनं-चांदी शिशात उतरते. मग सच्छिद्र वाटीत शिसं शोषलं जातं आणि मोहरीएवढा, कधी त्याहूनही लहान, मणी उरतो. सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन त्यातून कण काढणारे झारेकरी ज्या धीराने काम करतात, त्याच जातीचं हे काम आहे.

१९८८ च्या अखेरीस सहाव्या छिद्राचे आकडे आले. २९.४ मीटर लांबीच्या कांडीत सरासरी टनाला २५.७८ ग्रॅम सोनं आणि ३८.७४ ग्रॅम चांदी. टनाला पाच ग्रॅम सोनं असलेली खाण चांगली समजतात, उघड्या खाणींत तर एका ग्रॅमवरही काम चालतं. या भागाला पुढे २१ ए असं नाव पडलं. त्यात मनशीळ, सुरमा आणि हिंगूळ यांचा भरणा होता. आर्सेनिक आणि पाऱ्याने भरलेल्या काळ्या दगडात इतकं सोनं, ही गोष्ट अनपेक्षित होती.

पुढच्या वर्षी ते ईशान्येकडे सरकत गेले. या सरकण्यालाच खरा धीर लागतो, असं मला वाटतं. सोनं लागलेल्या छिद्राच्या शेजारी दुसरं छिद्र घेणं सोपं असतं, कारण तिथे काहीतरी मिळणारच. पण त्यातून साठ्याची व्याप्ती कळत नाही. दूर पाऊल टाकलं आणि तिथे काही नाही निघालं, तर शेअर कोसळतात आणि पुढच्या छिद्राला पैसा मिळत नाही. १९८९ च्या उन्हाळ्यात छिद्रामागून छिद्रं झाली. ऑगस्टमध्ये १०९ क्रमांकाचं छिद्र पडलं. सुमारे २०८ मीटर कांडीत सरासरी टनाला २७.२ ग्रॅम सोनं आणि ३०.२ ग्रॅम चांदी निघाली.

हा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. छिद्रातली लांबी म्हणजे थराची जाडी नव्हे. पावाला सुरी आडवी घातली की तुकडा लांब निघतो, त्यावरून पावाची उंची ठरत नाही. तरीही दोनशे मीटर सलग इतकं सोनं ही फार दुर्मिळ गोष्ट होती. हा नवा भाग २१ बी. जमिनीवर त्याचा मागमूस नव्हता. वर गंज नाही, कडा नाही, चरातून वर आलेला एखादा तुकडाही नाही.

व्हँकुव्हरच्या बाजारात या काळात काय उलथापालथ झाली याची वर्णनं पुष्कळ आहेत, मी त्यात फार शिरत नाही. पण एक धागा सोडवत नाही, कारण त्याचा परिणाम टिकला. छिद्रांचे निकाल कंपनीच्या माणसांना कळले आणि बाजाराला वेळेवर कळवले गेले नाहीत, असा ठपका ब्रिटिश कोलंबियाच्या रोखे आयोगाने पेझिम आणि त्याच्या सहकाऱ्यांवर ठेवला आणि वर्षभर त्यांना रोख्यांच्या व्यवहारातून बाजूला केलं. प्रांताच्या अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुद्दा मूलभूत होता. जमीन तीच, दगड तोच, मग प्रयोगशाळेचा कागद आला म्हणून कंपनीच्या मालमत्तेत बदल झाला असं म्हणायचं का? १९९४ साली न्यायालयाने आयोगाचा आदेश कायम केला. खनिजाच्या जमिनीचं मोल ज्ञानावर ठरतं, म्हणून नवं ज्ञान हाच बदल आणि तो सगळ्यांना सांगितला पाहिजे. मला हा निकाल भूविज्ञानाच्या दृष्टीनेही अचूक वाटतो. एस्केचं सोनं साडेसतरा कोटी वर्षं तिथे होतं, आणि १९८८ पर्यंत त्याची किंमत शून्य होती.

खाण १९९५ मध्ये सुरू झाली, जमिनीखालची आणि आकाराने छोटी. ती होमस्टेक कंपनीकडे होती, आणि २००१ मध्ये होमस्टेक बॅरिकमध्ये विलीन झाल्यावर बॅरिककडे आली. मुख्य महामार्गापासून डोंगरांतून सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता काढावा लागला. धातुक इतकं समृद्ध होतं की सुरुवातीची काही वर्षं खाणीवर ते शुद्ध करण्याची खटपटही केली नाही. दगड फोडून थेट ट्रकमध्ये भरायचा आणि पाठवायचा, काही क्वेबेकमधल्या नोरांडाच्या भट्टीकडे, काही जहाजाने जपानला. आर्सेनिक, अँटिमनी, पारा असलेला माल घ्यायला सगळ्या भट्ट्या तयार नसतात. पाठवण्याचा खर्च आणि विषाचा दंड भरूनही पैसे उरत. १९९० च्या दशकाच्या शेवटी सोन्याचा भाव इतका पडला होता की जगभर खाणी बंद होत होत्या, तेव्हाही एस्के चालू राहिली.

२००८ मध्ये ती बंद झाली तोपर्यंत सुमारे २२ लाख टन धातुक निघालं होतं. त्यात टनाला सरासरी ४५ ग्रॅम सोनं आणि २,२०० ग्रॅमहून जास्त चांदी. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने मोजलं, तर एका टन दगडात जवळजवळ चार तोळे सोनं आणि सव्वादोन किलो चांदी. एकूण हिशेब केला तर साधारण १०० टन सोनं आणि ५,००० टन चांदी. जस्त आणि शिसं हे वरचं उत्पन्न.

दगडाचा उरलेला भाग कुठे टाकायचा हा प्रश्न सोन्याहून जास्त काळ टिकणारा. पायराइट असलेला दगड हवेत ठेवला, तर डोंगरावर जे लाखो वर्षं हळूहळू झालं, तेच ढिगाऱ्यात झपाट्याने होतं. आम्ल तयार होतं आणि धातू घेऊन नदीत उतरतं. इथलं पाणी उनुक नदीतून अलास्कात जातं, सामन मासे त्याच पाण्यात येतात. यावर उपाय म्हणून दगड आणि गाळ तळ्याच्या पाण्याखाली ठेवतात, कारण तिथे ऑक्सिजन फार थोडा पोहोचतो. अशा दोन तळ्यांपैकी एकाचं नाव टॉम मॅके लेक. ज्याला साठा सापडला नाही, त्याच्या नावाच्या तळ्यात त्या साठ्याचा गाळ निजलेला आहे.

हा भाग तालतान लोकांचा. त्यांच्या प्रदेशात उत्तरेला एडझिझा नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची काळी ज्वालाकाच हजारो वर्षांपासून हत्यारांसाठी दूरदूरच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचत होती. ज्वालाकाच म्हणजे झटकन गोठलेला, काचेसारखा रायोलाइट. युरोपियन शोधकाने लाल कडा पाहण्याच्या कितीतरी आधी इथे खडकाची पारख होती. २०२० मध्ये स्कीना रिसोर्सेस कंपनीने बॅरिककडून ही जागा पूर्णपणे घेतली. जून २०२२ मध्ये तालतान केंद्रीय शासन आणि प्रांत सरकार यांनी करार केला. त्यानुसार प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीला तालतान लोकांची संमती आवश्यक ठरली. प्रांताच्या आदिवासी हक्क कायद्याखाली असा हा पहिला करार.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि एस्केला दगड होऊन राहिलेल्या धातुकांसारख्याच धातुकांचा शोध तिथले संशोधक समुद्राखाली घेत आहेत. २०१६ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागराच्या मध्यवर्ती आणि नैर्ऋत्य कटकांवर १०,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र बहुधातू गंधकी धातुकांच्या शोधासाठी घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये या केंद्राने चेन्नईच्या महासागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या एका जिवंत उष्ण झऱ्याचं चित्र टिपलं. एस्केच्या थरांत आपण जे दगड झालेलं वाचतो, ते तिथे आज वाफाळत आहे. एवढ्या खोलीवर दाब प्रचंड असतो, म्हणून तिथलं पाणी एस्केसारखं सहज उकळत नाही, आणि तिथे कोणते धातू किती साचले असतील हे झऱ्याझऱ्याला वेगळं निघेल.

एस्केला आता विचार आहे तो उघड्या खाणीचा. जुनी खाण काळ्या चिखलातला सर्वांत समृद्ध माल घेऊन गेली. मागे राहिला तो त्याच्या कडेचा कमी दर्जाचा भाग आणि खालच्या रायोलाइटमधल्या भेगांतलं खनिज. त्या वेळी जमिनीखालच्या या खाणीत टनाला दोन-तीन ग्रॅम सोन्याला कुणी विचारत नव्हतं, आज भाव बदलल्यामुळे तेच धातुक ठरतं. नव्या हिशेबासाठी लोकांनी आधी उघडली ती जुन्या हजारो छिद्रांची नोंदवही. त्या नोंदींत साठ्यांची नावं २१ ए, २१ बी, २१ सी अशी आहेत. १९३० च्या दशकात प्रीमियर कंपनीच्या कुणा माणसाने चराशेजारी उभं राहून जागांची मोजणी केली, एकविसावा आकडा लिहिला आणि बाविसाव्या जागेकडे गेला. आकडा तोच राहिला आहे.